चौलकर, मोडक आणि पडद्यावरचा 'जॉन'

एखाद्या समाजाने आपल्या जीवनाशी नाते सांगणारे चित्रपट निवडावेत, एखादे लहानसे चित्रपटगृह चार दिवस मागून घ्यावे आणि आपल्या व परक्या अशा सर्वांना बोलावून ते दाखवावेत, ही कल्पना आता जगाला नवी राहिलेली नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डेबोरा कॉफमन यांनी १९८० साली यहुदी चित्रपट महोत्सवाचा पाया घातला आणि पुढे युरोप-अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत अनेक शहरांत असे महोत्सव भरू लागले. त्यामागची भूमिका साधी होती. मोठ्या चित्रपटसृष्टीने यहुदी माणूस ठरावीक साच्यांतूनच दाखवला होता. तो एक तर कंजूष सावकार असे, नाही तर विदूषक, नाही तर छळछावणीतला केविलवाणा बळी. या साच्यांबाहेरचा, घरात भांडणारा, सण साजरे करणारा, चुकणारा आणि सावरणारा हाडामांसाचा माणूस पाहायचा असेल, तर चित्रपटांची निवड आपणच केली पाहिजे, हे त्या समाजाने ओळखले.

असा महोत्सव आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी, श्रीरामपूर किंवा संगमनेरसारख्या गावच्या एखाद्या छोट्या चित्रपटगृहात अथवा चर्चच्या सभागृहात भरवायचा झाला, तर त्यात काय दाखवावे? 'आपला आणि यहुदी चित्रपटांचा संबंध काय?' असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे असे की, संबंध आहे आणि तो वाटतो त्याहून फार जवळचा आहे. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाचा जो मुखवटा घडवला, त्या मुखवट्याआड अनेकदा यहुदी चेहरा होता. आणि त्या एकाच मुखवट्याने मराठी यहुदी व मराठी ख्रिस्ती या दोघांनाही झाकून टाकले. या दृष्टीने निवडलेल्या पाच चित्रपटांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम दोन नावे घेऊ. डेव्हिड या नावाने सर्वांना परिचित असलेले, टक्कल पडलेले, बुटके, हसऱ्या चेहऱ्याचे चरित्र अभिनेते आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना चांगलेच आठवत असतील. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चौलकर. रायगड जिल्ह्यातील चौल या गावावरून आलेले हे आडनाव त्यांच्या घराण्याची सारी हकिकत सांगते. ते बेने इस्राएल, म्हणजे शतकानुशतके कोकणात वसलेल्या मराठीभाषक यहुदी समाजातले. या समाजाने ज्या गावी वस्ती केली त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावले. म्हणून त्यांच्यात पेणकर आहेत, रोहेकर आहेत, किहिमकर आहेत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी, आपल्या शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. घरात मराठी बोलत, बायका नऊवारी नेसत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर या समाजाने बायबलमधील पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र यांतले 'चौलकर' गळून पडले आणि उरला तो नुसता 'डेव्हिड'. प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी त्यांना ख्रिस्ती समजावे, यात नवल नव्हते.

दुसरे नाव शाहू मोडक यांचे. १९१८ साली अहमदनगर येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) मध्ये हा मुलगा कृष्ण झाला आणि पुढे कितीतरी चित्रपटांत त्यांनी श्रीकृष्णाचीच भूमिका केली. 'प्रभात'च्या 'माणूस' (१९३९) मधील गणपत हवालदार आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मधील ज्ञानेश्वर या भूमिका मराठी रसिक विसरलेला नाही. 'मोडक' या आडनावामुळे हा माऊलींचा अवतार एका ख्रिस्ती घरातला आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही आले नाही.

ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे गंमत दिसते. एकाचे बायबलमधले पहिले नाव राहिले आणि त्याचे मराठीपण झाकले गेले. दुसऱ्याचे मराठी आडनाव राहिले आणि त्याचे ख्रिस्तीपण झाकले गेले. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात एक समीकरण पक्के बसलेले होते: जो मराठी तो ख्रिस्ती अगर यहुदी असू शकत नाही आणि जो डेव्हिड, जॉन किंवा मेरी असेल तो मराठी असू शकत नाही. आपल्या जिल्ह्यातील साळवे, गायकवाड, शिंदे अशा आडनावांच्या मुलांना शाळा-कॉलेजांत आणि नोकरीच्या ठिकाणी आजही जे ऐकावे लागते, 'तुम्ही ख्रिश्चन? पण आडनाव तर आमच्यासारखेच!', त्याचे मूळ याच समीकरणात आहे.

या नामांतराचा इतिहास चित्रपटाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष नट, कारण चांगल्या घरच्या स्त्रीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हिंदू व मुसलमान समाजांना मान्य नव्हते. ही जागा ज्या धीट मुलींनी भरून काढली, त्यांत अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुली पुष्कळ होत्या. पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या रूबी मायर्स या बगदादी यहुदी तरुणीने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटात पाऊल टाकले आणि 'सुलोचना' हे नाव धारण केले. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) मध्ये त्यांनी आठ भूमिका केल्या. बोलपट आल्यावर हिंदुस्थानी भाषा शिकून त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्या नाटकावर आधारलेला होता, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर हेही बेने इस्राएलच. भारतीय पडद्यावर पहिला शब्द उच्चारला गेला तो अशा रीतीने एका मराठी यहुद्याच्या लेखणीशी जोडलेला आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्यामुळे आपल्या महोत्सवात तो दाखवता येणार नाही, पण त्याच्या लेखकाचे नाव आरंभी घेतले पाहिजे.

आता चित्रपटांकडे वळू. आमच्या यादीत पहिला क्रमांक 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटाचा. राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट भोला आणि बेलू या दोन अनाथ भावंडांची कथा सांगतो. मावशी किंवा काकू म्हणावी अशी एक कजाग बाई त्यांना भीक मागायला लावते. झोपडपट्टीतला शेजारी जॉन चाचा मात्र त्यांना हात पसरण्याऐवजी हातांनी काम करायला शिकवतो. हा जॉन चाचा म्हणजे डेव्हिड. तो स्वतः चोरटी दारू विकतो. त्या काळी मुंबई राज्यात दारूबंदी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा धंदा आणि त्यापायी होणारा तुरुंगवास यांचा अर्थ लागतो. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असलेला हा माणूस मुलांच्या दृष्टीने त्या वस्तीतला एकमेव सज्जन आहे. शुभवर्तमानातील जकातदाराची आठवण व्हावी, अशी ही व्यक्तिरेखा आहे.

डेव्हिड यांच्या अभिनयाचे मर्म असे की, त्यांनी जॉन चाचाला उपदेशक होऊ दिले नाही. मुलांना स्वाभिमान शिकवताना त्यांच्या डोळ्यांत स्वतःविषयीची शरम दिसते. जे आपल्याला जमले नाही ते या पोरांना जमावे, ही तळमळ त्यांच्या साध्या हालचालींतून कळते. तुरुंगातील गाण्याच्या प्रसंगात विनोद आहे, पण तो माणसाला हलका करीत नाही. या भूमिकेसाठी त्यांना 'फिल्मफेअर'चा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि बेलू झालेल्या बेबी नाझ हिच्या कामाची १९५५ साली कान महोत्सवात विशेष नोंद झाली.

पण समीक्षकाने कौतुकापाशी थांबू नये. हा जॉन कोण आहे? तो कोणत्या गावाहून मुंबईला आला? त्याचे चर्च कोणते, त्याची भाषा कोणती, त्याच्या घरी कोण होते? कथा या प्रश्नांना स्पर्शच करीत नाही. त्याला नाव 'जॉन' दिले आहे ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे चोरटी दारू विकणारा माणूस हिंदू किंवा मुसलमान दाखवला तर कुणाचे तरी मन दुखावेल आणि ख्रिस्ती दाखवला तर दुखावणार नाही, ही सोय. दुसरे म्हणजे, ज्याला जात नाही, गाव नाही, नातेवाईक नाहीत असा मोकळा माणूस कथेला हवा होता. आणि पटकथाकारांच्या कल्पनेत ख्रिस्ती माणूस तसाच असतो. नगर जिल्ह्यात ज्यांच्या चार-पाच पिढ्या एकाच गावच्या मातीत पुरल्या गेल्या आहेत, त्यांना ही कल्पना किती चमत्कारिक वाटावी!

दुसरा चित्रपट 'ज्यूली' (१९७५). के. एस. सेतुमाधवन यांचा हा चित्रपट 'चट्टकारी' (१९७४) या मल्याळम चित्रपटाची हिंदी आवृत्ती. इंजिन ड्रायव्हर असलेल्या अँग्लो-इंडियन गृहस्थाची मुलगी ज्यूली एका हिंदू तरुणापासून गरोदर राहते आणि घरावर आभाळ कोसळते. ज्यूलीची आई मार्गारेट ही भूमिका नादिरा यांनी केली. नादिरा म्हणजे बगदादमध्ये जन्मलेल्या फ्लॉरेन्स इझिकेल. 'आन' (१९५२) मधली राजकन्या आणि 'श्री ४२०' (१९५५) मधली माया यांमुळे त्यांच्या वाट्याला पुढे खलनायिकाच अधिक आल्या. मार्गारेटच्या भूमिकेने त्यांना त्या चौकटीतून बाहेर काढले आणि 'फिल्मफेअर'चा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. डेव्हिड आणि नादिरा या दोन यहुदी कलावंतांना 'फिल्मफेअर'चा हा सन्मान मिळाला तो दोन्ही वेळा ख्रिस्ती भूमिकेसाठी. हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. निर्मात्यांच्या लेखी ही दोन्ही माणसे एकाच खोक्यातली होती, 'परक्या नावांची माणसे'. त्या खोक्यातून हवे तेव्हा एखादा जॉन काढावा, हवी तेव्हा एखादी मार्गारेट काढावी. त्याच दशकात बासू चटर्जी यांच्या 'बातों बातों में' (१९७९) या वांद्र्याच्या कॅथलिक घरांभोवती फिरणाऱ्या प्रसन्न चित्रपटात डेव्हिड पुन्हा 'अंकल टॉम' झाले, यावरून ही सवय किती पक्की होती ते कळून येईल.

'ज्यूली'तील मार्गारेट ही भूमिका लिहिताना पटकथेने समजुतीचे सारे साहित्य वापरले आहे. नवऱ्याचा मद्याचा पेला, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, इंग्लंडला 'घरी' परत जाण्याची आस आणि या देशाविषयीची नाराजी हे सारे तेथे आहे. अँग्लो-इंडियन समाजातील काही कुटुंबांची ही व्यथा खरी होती, हे मान्य करावे लागेल. नादिरा यांनी या ठरीव साहित्यातून एक खरी आई उभी केली, हे त्यांचे यश. मुलीची बातमी कळल्यावर तिच्या रागाच्या खाली जी भीती दिसते, ती कोणत्याही समाजातल्या आईची भीती आहे. गर्भपाताचा विचार मार्गारेटच्या मनात येतो आणि एक श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री तिला त्यापासून परावृत्त करते. ही स्त्री झाल्या आहेत मराठी प्रेक्षकांच्या लाडक्या सुलोचनाबाई लाटकर. कॅथलिक कुटुंबांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको. पण या चित्रपटाच्या लोकप्रियतेने एक अपायही केला. ख्रिस्ती मुलगी म्हणजे ज्यूली, ही प्रतिमा गावोगाव पोहोचली; आणि डोक्यावरचा पदर सांभाळीत सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत निघणारी आपली आई-बहीण कोणत्याही पडद्यावर पोहोचली नाही.

यावर कोणी म्हणेल, 'नटाने कोणतीही भूमिका करावी. त्याचा धर्म कशाला पाहता? मोडक कृष्ण झाले, ते तुम्हांला चालते. मग चौलकर जॉन झाले तर तक्रार का?' हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. आमची तक्रार नटाविषयी नाही. डेव्हिड यांनी 'गोलमाल' (१९७९) मध्ये केदारमामाही तितक्याच सहजतेने रंगवले. एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या माणसाचे सुखदुःख आपलेसे करून दाखवणे हे तर कलेचे भूषण आहे. पण कृष्णाची भूमिका मोडकांना मिळाली तेव्हा तिच्यामागे हजारो वर्षांची कथा, भाषा आणि भक्ती उभी होती. नटाने त्यात प्रवेश करावयाचा होता. जॉन चाचाच्या मागे काय उभे होते? दारूची बाटली आणि एक इंग्रजी नाव. भूमिका दुसऱ्याची असण्यात दोष नाही. ती कोणाचीच नसण्यात दोष आहे.

मग खुद्द यहुदी माणसाची कथा सांगणाऱ्या चित्रपटाचे काय? तिसरा चित्रपट 'यहुदी' (१९५८) हा त्यासाठीच ठेवला आहे. आगा हश्र काश्मिरी यांच्या 'यहुदी की लडकी' या गाजलेल्या उर्दू नाटकावर न्यू थिएटर्सने १९३३ साली सैगल यांना घेऊन चित्रपट काढला होता. पंचवीस वर्षांनी त्याच नाटकाकडे 'दो बिघा जमीन'चे दिग्दर्शक बिमल रॉय वळले. जवाहिऱ्या एझ्राचा लहानगा मुलगा रोमन सत्तेच्या क्रौर्याला बळी पडतो. त्याच्या नोकराने रोमन अधिकाऱ्याची मुलगी पळवून आणलेली असते. एझ्रा तिला ठार न करता हॅना नावाने आपली मुलगी म्हणून वाढवतो. पुढे रोमन राजपुत्र यहुदी असल्याची बतावणी करून तिच्यावर प्रेम करतो. एझ्रा झाले आहेत सोहराब मोदी, हॅना मीनाकुमारी आणि राजपुत्र दिलीपकुमार. यहुद्याची भूमिका पारशी नटाने आणि त्याच्या मुलीची व राजपुत्राची मुसलमान कलावंतांनी केली आहे. यहुदी कलावंत ख्रिस्ती भूमिकांत आणि यहुदी भूमिकांत इतर, अशी ही उलटापालट आहे.

चित्रपट म्हणून 'यहुदी' सदोष आहे. बिमल रॉय यांची ख्याती वास्तवाच्या बारकाव्यांसाठी. येथे मात्र पुठ्ठ्याचे रोम आणि पारशी रंगभूमीचा आवेश यांच्यात ते अवघडलेले दिसतात. सोहराब मोदी यांचे पल्लेदार संवाद ऐकताना कान तृप्त होतात, पण एझ्राच्या घरात शब्बाथाचा दिवा लागत नाही. कोकणातला बेने इस्राएल एलियाहू नबींच्या नावाने पोहे, नारळ आणि गूळ यांचा मलिदा करतो. अशी एखादी जिवंत चालरीत या घरात शोधून सापडत नाही. शिवाय कथेचा शेवट ज्या रहस्यावर उलगडतो ते रहस्य असे की, 'यहुद्याची मुलगी' मुळात यहुदी नाहीच. अन्यायाची जाणीव सत्ताधाऱ्याला होते ती बळी जाणारी मुलगी आपल्याच रक्ताची निघते म्हणून. परक्याच्या लेकराविषयी दया वाटण्यासाठी ते आपले लेकरू निघावे लागते, ही त्या कथेची मर्यादा.

तरीही हा चित्रपट दाखवावा असे आम्ही म्हणतो, कारण एझ्राच्या एका कृतीला तोड नाही. ज्या सत्तेने आपला मुलगा मारला तिच्याच घरातले मूल हाती आले असता तो त्याला मांडीवर घेतो. सूड घेण्याची संधी चालून आली असता त्याने पितृत्व निवडले. ही कृती यहुदी माणसाच्या हातून घडताना दाखवली आहे, हे आपल्या प्रेक्षकाने लक्षपूर्वक पाहावे.

चौथा चित्रपट 'शालोम बॉलिवूड' (२०१७) हा माहितीपट आहे. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक डॅनी बेन-मोशे यांनी सुलोचना, प्रमिला, डेव्हिड, नादिरा आदी यहुदी कलावंतांची हकिकत त्यात सांगितली आहे. प्रमिला म्हणजे कलकत्त्याच्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, १९४७ सालच्या पहिल्या 'मिस इंडिया' आणि पुढे स्वतःची निर्मितीसंस्था चालवणाऱ्या कर्तबगार स्त्री. जगभरच्या यहुदी महोत्सवांतून हा माहितीपट दाखवला गेला आहे. जुन्या चित्रफिती, कुटुंबीयांच्या आठवणी आणि रंगीबेरंगी चित्रांची गुंफण यांमुळे तो कोठेही कंटाळवाणा होत नाही. विस्मृतीत गेलेली नावे त्याने पुन्हा उजेडात आणली, याबद्दल आपण ऋणी असले पाहिजे.

पण मराठी डोळ्यांना त्यात एक उणीव जाणवते. परदेशी प्रेक्षकाला तोंडात बोट घालायला लावणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट आहे: 'पाहा, बॉलिवूडच्या या तारका यहुदी होत्या!' बगदादी घराण्यांतल्या सुंदर तारकांची झळाळी त्यात भरपूर आहे. घाणा चालवणारे, मराठी ओव्या म्हणणारे, चौल-पेणचे बेने इस्राएल त्या झळाळीत मागे पडतात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. भारतात आता काही हजारच उरले आहेत. पण तेथे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. डेव्हिड यांच्या अभिनयातील ते घरगुती, मऊ हास्य कोणत्या ओसरीवर घडले असेल, हे सांगणारा चित्रपट अजून कोणी तरी मराठीतूनच काढावयास हवा.

येथवर आपण पडद्याने यहुद्यांना व आपल्याला कसे पाहिले ते पाहिले. आता आपण स्वतः यहुद्यांना कसे पाहतो, हा अधिक अवघड प्रश्न उरतो. आपल्या गावांत यहुदी माणूस राहत नाही. पुण्याला गेलेल्या कोणी 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे त्यांचे प्रार्थनामंदिर पाहिले असेल तेवढेच. आपली त्यांच्याशी खरी ओळख होते ती उत्तम शुक्रवारी. योहानलिखित दुःखसहनाच्या वाचनात 'यहुदी' हा शब्द पुनःपुन्हा कानी पडतो. गावोगावच्या क्रूसवाटेच्या देखाव्यांत खोट्या दाढ्या लावलेला जमाव ओरडत असतो. वस्तीवस्तीत पडदा लावून दाखवल्या गेलेल्या 'दयासागर' या ख्रिस्तपटातही आपल्या लोकांनी हाच जमाव पाहिला. त्या दृश्यात प्रभू येशू, पवित्र मरिया, पेत्र, योहान हे सारेच यहुदी आहेत, ही गोष्ट मात्र आपल्या मनातून निसटून जाते. पोप तेविसावे योहान यांनी १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचा अवमानकारक शब्द काढून टाकला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे स्पष्ट सांगितले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. ही शिकवण येऊन साठ वर्षे झाली. ती आपल्या देखाव्यांपर्यंत किती पोहोचली, याचा शोध प्रत्येक धर्मग्रामाने घ्यावा.

यहुद्यांच्या छळाची सावली नगरवरून गेलेलीच नाही, असेही नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. त्यांत हिटलरचे समर्थक होते आणि हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले यहुदी निर्वासितही होते. सरकारच्या लेखी दोघेही 'शत्रूराष्ट्राचे नागरिक'. पुढे चौकशी होऊन अनेक निर्वासितांची सुटका झाली, पण काही काळ छळणारे आणि छळलेले एकाच काटेरी कुंपणाआड नगरचे ऊन सोसत होते. 'अछूत कन्या' (१९३६) दिग्दर्शित करणारे बॉम्बे टॉकीजचे जर्मन दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन यांनाही त्याच वर्षी सरकारने ताब्यात घेतले. ते नाझी पक्षाचे सदस्य होते. आणि त्याच सुमारास व्हिली हास हे प्रागचे यहुदी लेखक आसरा शोधत मुंबईला आले व मोहन भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहू लागले. एका चित्रपटसृष्टीत दोघांनाही जागा मिळाली होती.

म्हणूनच शेवटचा चित्रपट आम्ही परदेशी निवडला आहे. लुई माल यांचा 'ओ रव्हार लेझाँफाँ' (१९८७), म्हणजे 'मुलांनो, पुन्हा भेटू'. १९४४ सालच्या जानेवारीत, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधील एका कॅथलिक वसतिगृहात ही कथा घडते. शाळेचे प्रमुख फादर तीन यहुदी मुलांना खोट्या नावांनी लपवून ठेवतात. त्यांतल्या झाँ बोने या मुलाशी वर्गातल्या ज्युलियँची आधी स्पर्धा आणि मग मैत्री जमते. एके दिवशी गेस्टापोचे लोक वर्गात येतात. ज्युलियँ नकळत मित्राकडे एक कटाक्ष टाकतो आणि तेवढ्याने मित्र ओळखला जातो. दिग्दर्शकाने ही स्वतःच्या शाळेत घडलेली घटना सांगितली आहे. प्रत्यक्षातील पेर जाक हे कार्मेलाइट धर्मगुरू छळछावणीत गेले आणि तिच्या मुक्ततेनंतर थोड्याच दिवसांत, जून १९४५ मध्ये, मरण पावले. मुले आउश्वित्झमध्ये मारली गेली. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत याचा समावेश आहे.

यातील एक प्रसंग कॅथलिक प्रेक्षकाच्या मनातून जाणार नाही. मिस्साच्या वेळी यहुदी बोने इतर मुलांबरोबर ख्रिस्तशरीर घेण्यासाठी गुडघे टेकतो. फादर त्याच्यासमोर येतात, क्षणभर थबकतात आणि त्याला न देता पुढे जातात. मुलगा इतरांत मिसळू पाहतो आहे. फादर संस्काराचे पावित्र्य राखतात, त्याच्यावर आपला धर्म लादत नाहीत आणि तरीही त्याच्यासाठी प्राण धोक्यात घालतात. दुसऱ्याचे वेगळेपण राखून त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे काय, हे या मूक प्रसंगाइतके स्पष्ट आम्हांला अन्यत्र क्वचितच दिसले. येथे कोणी माल यांच्यावर असा आरोप करील की, ख्रिस्ती धर्मगुरूच्या मोठेपणाआड यहुदी मुलगा दुय्यम ठरतो. पण चित्रपट संपतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर उरतो तो बोनेचाच चेहरा, आणि आपल्याला सलत राहतो तो ज्युलियँचा कटाक्ष.

पाच चित्रपट, पाच संध्याकाळी. याला लागतो तो एक पडदा, एक प्रक्षेपक, वीज गेल्यास जनरेटर आणि चित्रपटानंतर अर्धा तास बसून बोलण्याची तयारी. 'ज्यूली' आणि 'ओ रव्हार लेझाँफाँ' मोठ्या मुलांना आई-वडिलांबरोबर दाखवावेत. 'बूट पॉलिश' लहानथोर सर्वांनी पाहावा. शक्य झाल्यास मुंबई, ठाणे किंवा अलिबागकडील एखाद्या बेने इस्राएल कुटुंबाला पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांच्याशी बोलताना दुभाष्या लागणार नाही.

१९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या खेड्यातून 'निरोप्या' सुरू केला, तेव्हा मराठी कॅथलिकाला स्वतःचा आवाज मिळाला. लेखणीने जे सव्वाशे वर्षांपूर्वी आरंभले ते कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण अजून आरंभलेले नाही. आपल्या तरुणांच्या हाती आता चित्रीकरणाची साधने आहेत. त्यांनी हे पाच चित्रपट पाहावेत, जॉन चाचाला हसून निरोप द्यावा, आणि ज्या जॉनचे आडनाव गायकवाड आहे, ज्याची आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि ज्याच्या बांधावर यंदा कांदा आहे, त्याची कथा लिहावयास बसावे. ती लिहिताना चौलच्या डेव्हिडलाही त्याचे आडनाव परत द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.